कॉकपिटमधले स्वयंचलन वैमानिकाला उमगते कसे?

गेल्या अंकात या सदरात एका उत्तराच्या ओघात असे लिहिले होते की, आजच्या प्रवासी विमानाचा वैमानिक उड्डाणाचा बहुतांश काळ विमान स्वतःच्या हाताने चालवत नाही. विमान चालवणाऱ्या यंत्रणेला तो सूचना देतो आणि त्या सूचना ती कशा पाळते आहे, हे पाहत राहतो. या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की, या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. जागेअभावी प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : विमान जर संगणक चालवत असेल, तर वैमानिकाला त्या संगणकाची माहिती किती असते? अभियंत्याइतकी, की कोणते बटण कशासाठी आहे एवढीच?

उत्तर : यांपैकी कोणतेही टोक खरे नाही. संगणकातला प्रोग्राम कसा लिहिला आहे हे वैमानिकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. मात्र ‘हे बटण दाबले की हे होते’ एवढ्या माहितीवर त्याचे भागत नाही, कारण एकाच बटणाचा परिणाम विमान त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे त्यावर अवलंबून असतो. त्याला लागते ते ज्ञान या दोहोंच्या मधले असते. यंत्रणा सध्या काय साधू पाहते आहे, त्यासाठी ती विमानाचा कोणता भाग वापरते आहे, ती कुठे थांबेल आणि थांबल्यावर कोणते नवे काम हाती घेईल, हे त्याला सांगता आले पाहिजे. एवढे चित्र मनात स्पष्ट असले की वैमानिक पुढच्या अर्ध्या मिनिटाचा अंदाज आधीच बांधून ठेवतो, आणि प्रत्यक्षात काही वेगळे घडू लागले तर ते त्याला तत्काळ खटकते. माझ्या मते वैमानिकाची समज तपासण्याची हीच खरी कसोटी आहे. मॅन्युअलमधली वाक्ये पाठ असणे ही नव्हे.

अमेरिकी वैमानिक आणि संशोधक लॉरेन्स स्पेरी याने १९१४ साली पॅरिसजवळ सीन नदीवरून उडताना जायरोस्कोपच्या (वेगाने फिरणाऱ्या चाकाने तोल ओळखणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने विमान स्थिर ठेवून दाखवले, तेव्हा त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर गेला आणि स्पेरीने दोन्ही हात वर केले. ते यंत्र एकच काम करत होते, त्यामुळे ते समजायला काही क्षण पुरेसे होते. १९८२ साली सेवेत आलेल्या बोइंग ७६७ सारख्या विमानांपासून चित्र बदलले. घड्याळासारख्या तबकड्यांची जागा पडद्यांनी घेतली, संपूर्ण मार्ग संगणकात आधीच भरला जाऊ लागला आणि तिसऱ्या आसनावरचा फ्लाइट इंजिनिअर कॉकपिटमधून गेला. अमेरिकी संशोधक अर्ल वीनर यांनी नासासाठी याच पिढीतल्या बोइंग ७५७ च्या वैमानिकांचा अभ्यास केला आणि त्याचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या लेखनातून तीन प्रश्न पुढे सर्वतोमुखी झाले : हे आता काय करते आहे, असे का करते आहे आणि यापुढे काय करणार आहे. नवशिके नव्हे, तर मुरलेले वैमानिक हे प्रश्न विचारत होते, ही त्यातली गंभीर बाब होती.

प्रश्न : विमान अपघातांच्या अहवालांत ‘मोड’ हा शब्द सतत येतो. मोड म्हणजे नेमके काय, आणि प्रशिक्षित वैमानिकांचा त्यात घोटाळा कसा होतो?

उत्तर : या उत्तराला थोडी जागा लागेल, कारण सारा विषय इथेच येऊन मिळतो.

विमानाचा वेग आणि उंची यांवर ताबा ठेवण्यासाठी मुळात दोनच साधने आहेत : नाक किती वर किंवा खाली ठेवायचे आणि इंजिनांचा जोर किती ठेवायचा. स्वयंचलित यंत्रणेचे चढण्या-उतरण्याचे मोड म्हणजे या दोन साधनांत केलेली कामाची वाटणी होय. ‘व्हर्टिकल स्पीड’ या मोडमध्ये वैमानिक मिनिटाला किती फूट उतरायचे ते ठरवून देतो. नाक तो दर सांभाळते आणि वेग सांभाळण्याची जबाबदारी इंजिनांवर येते. एअरबसमध्ये ज्याला ‘ओपन डिसेंट’ म्हणतात, त्या मोडमध्ये वाटणी नेमकी उलटी असते. इंजिने किमान जोरावर येतात आणि वेग नाकाच्या कोनाने राखला जातो. उतरण्याचा दर जो पडेल तो पडतो. पायडल न मारता उतारावरून सायकल सोडली की तिचा वेग उतारच ठरवतो, तसे इथे घडते.

आता अडचण कुठे आहे ते पाहा. दोन्ही मोडमध्ये विमान खालीच जात असते. खिडकीतून फरक दिसत नाही आणि उंचीचा आकडाही तसाच घटत जातो. वेग कोण सांभाळत आहे, हे सांगणारी एकच जागा असते, आणि ती म्हणजे वैमानिकासमोरच्या मुख्य पडद्याच्या माथ्यावरची मोडची पट्टी. तिच्यावर दोन-चार लघुरूपे असतात. मोड बदलला की एअरबसच्या ए-३२० मध्ये नव्या लघुरूपाभोवती १० सेकंद पांढरी चौकट येते आणि नंतर ती निघून जाते. त्या १० सेकंदांत वैमानिक नकाशा पाहत असेल किंवा रेडिओवर बोलत असेल, तर बदल नजरेआड होतो. बोइंग ७४७-४०० च्या वैमानिकांच्या नजरेचा सिम्युलेटरमध्ये माग घेणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. या पट्टीकडे वैमानिक जितके पाहतात असे गृहीत धरले जाते तितके ते पाहत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

२० जानेवारी १९९२ च्या रात्री एअर इंटर कंपनीचे ए-३२० विमान फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना मों सँत-ओडील या डोंगराजवळ आदळले. विमानातल्या ९६ जणांपैकी ८७ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानात उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा दर या दोन्ही गोष्टी एकाच नॉबने आणि आकडा दाखवणाऱ्या एकाच छोट्या खिडकीत भरल्या जात. कोणती गोष्ट भरली जात आहे, ते दुसऱ्या एका बटणावर अवलंबून असे. ३.३ अंशांचा कोन हवा असेल तर खिडकीत उणे ३.३ दिसे आणि मिनिटाला ३,३०० फुटांचा दर हवा असेल तर उणे ३३. फरक एका टिंबाचा होता. ३.३ अंशांच्या कोनाने विमान मिनिटाला साधारण आठ-नऊशे फूट उतरले असते. प्रत्यक्षात ते त्याच्या जवळपास चौपट वेगाने खाली येत होते. चौकशी अधिकाऱ्यांनी निश्चित निष्कर्ष काढला नाही, परंतु मोडचा घोटाळा ही शक्यता त्यांनी ठळकपणे मांडली. पुढे एअरबसने उतरण्याचा दर चार अंकी दाखवायला सुरुवात केली. वैमानिकांना ‘अधिक सावध राहा’ असे सांगणे तुलनेने सोपे होते. पण इथे खिडकीच बदलली गेली, आणि तोच उपाय टिकाऊ ठरला.

पुढच्या दोन अपघातांची जोडी याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूर येथे इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि ९२ जणांचा मृत्यू झाला. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना एअरलाइन्सचे बोइंग ७७७ धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या समुद्रभिंतीवर आदळले. त्यात तिघांचा मृत्यू झाला. दोन वेगळे निर्माते आणि मध्ये २३ वर्षांचे अंतर, तरीही गाठ एकच होती : इंजिने किमान जोरावर होती, वेग घटत चालला होता आणि तो सांभाळण्याचे काम त्या क्षणी यंत्रणेकडे नव्हतेच.

सॅन फ्रान्सिस्कोला घडले ते असे. विमान जरा उंच राहिले होते, म्हणून ते चालवणाऱ्या वैमानिकाने लवकर खाली यावे या हेतूने, खिडकीत भरलेल्या उंचीकडे नेणारा ‘फ्लाइट लेव्हल चेंज’ हा मोड निवडला. उंचीच्या खिडकीत मात्र उतरणे रद्द करावे लागल्यास गाठायची ३,००० फूट ही उंची भरून ठेवलेली होती. मोडने दिलेली आज्ञा तंतोतंत पाळली आणि विमान चढू लागले. वैमानिकाने ऑटोपायलट सोडला आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, मागे ओढले. त्यासरशी ते दांडे आपोआप हलवणारा ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’ या अवस्थेत गेला, म्हणजे तो चालू होता, पण थ्रॉटलला हात लावणार नव्हता. वेग १३७ नॉट राहील अशी वैमानिकाची समजूत होती; तो १०३ नॉटपर्यंत उतरला. या वैमानिकाचे ७७७ वर जेमतेम ४३ तास झाले होते आणि त्यापूर्वी तो ए-३२० चा कॅप्टन होता, जिथे वेगाला मिळणारे संरक्षण निराळ्या पद्धतीचे असते. आणखी एक साम्य ध्यानात घ्या. दोन्ही विमानांत दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे न्यावे हे पडद्यावर रेषांनी दाखवणारी सोय) बंद केले असते, तर इंजिनांची यंत्रणा आपोआप वेग सांभाळण्याच्या मोडमध्ये परतली असती. दोन्ही अपघातांत एका वैमानिकाचा डायरेक्टर बंद होता आणि दुसऱ्याचा चालू राहिला होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांच्या चुका नोंदवल्याच, पण त्याचबरोबर यंत्रणेची गुंतागुंत, तिचे निर्मात्याच्या दस्तऐवजांतले अपुरे वर्णन आणि कंपनीचे अपुरे प्रशिक्षण हीदेखील कारणे म्हणून स्पष्टपणे लिहिली.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक होण्याच्या तयारीत आहे. मोठ्या विमानाची ही यंत्रणा तिला कोण आणि कशी शिकवणार?

उत्तर : औपचारिक भाग आधी सांगतो. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते. त्यात आधी संगणकावरचे पाठ आणि वर्ग असतात, मग स्थिर प्रशिक्षण साधनांवर बटणांचा आणि कार्यपद्धतींचा सराव होतो आणि शेवटी हलणाऱ्या पूर्ण सिम्युलेटरमध्ये सत्रे होतात. त्यानंतर प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून शिकण्याचा काळ येतो, आणि पुढे सेवेत असेपर्यंत ठरावीक मुदतीने सिम्युलेटरमधली तपासणी चालू राहते.

आपल्या मुलीने आधीपासून लक्षात ठेवावे असे यात काही असेल, तर ते हे की, सिम्युलेटरमधला वेळ मुख्यतः बिघाडांवर खर्च होतो. इंजिन बंद पडणे, आग लागणे, दाब जाणे यांचा कसून सराव होतो. मात्र रोजच्या उड्डाणात यंत्रणेचे जे बारकावे समोर येतात, त्यांपैकी बरेचसे पहिल्या वर्षभरात प्रत्यक्ष काम करतानाच कळतात. हवाई नियंत्रकाने उतरण्याची परवानगी उशिरा दिली तर आधी आखलेला उताराचा मार्ग खाली राहतो आणि विमान त्याच्या वर असताना कसे वागते, वाऱ्याचा अंदाज चुकला तर वेगाचे गणित कसे बिघडते, हे शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाला पाहून आणि विचारून शिकायचे असते. त्यामुळे समज वाढण्यात त्या शेजारच्या आसनावर कोण आहे याला फार महत्त्व येते. ‘का’ असे विचारले तर ‘असेच करतात’ असे उत्तर देणारा कॅप्टन लाभला, तर नवा वैमानिक सवयी शिकतो. कारणे शिकत नाही. काही काळाने या सवयींनाच अनुभव म्हटले जाते. अमेरिकी संशोधक नदीन सार्टर आणि डेव्हिड वुड्स यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, अनुभवी वैमानिकांच्या ज्ञानातही अशा पोकळ्या असतात आणि त्या आहेत याची त्यांना स्वतःलाही कल्पना नसते, कारण नेहमीच्या उड्डाणात त्या पोकळ्यांवर पाऊल पडण्याची वेळच येत नाही.

चांगला आराखडा या शिकण्याला हातभार लावतो. ए-३२० च्या समोरच्या पट्टीवरचे नॉब घ्या. वेग, दिशा किंवा उंची यांचा नॉब आत ढकलला की ती बाब विमानाच्या संगणकाच्या स्वाधीन होते आणि तो आखलेल्या मार्गाप्रमाणे वागतो. नॉब आपल्याकडे ओढला की ती बाब वैमानिकाच्या हाती येते आणि खिडकीतला आकडा प्रमाण ठरतो. ढकलले म्हणजे दिले, ओढले म्हणजे घेतले. पडद्यावर संगणकाने ठरवलेला वेग किरमिजी रंगात आणि वैमानिकाने निवडलेला निळ्या रंगात दिसतो. ही रीत हाताला एकदा बसली की विसरत नाही, आणि कोण कोणाच्या स्वाधीन आहे हे हाताच्या हालचालीतूनच कळत राहते. हाताने नॉब फिरवला तरी काम पूर्ण होत नाही. डोळे वर नेऊन मोडच्या पट्टीवर तेच उमटले आहे का, हे वाचायचे आणि मोठ्याने म्हणायचे, अशी कार्यपद्धती आहे. नवख्याला हे म्हणणे सुरुवातीला अवघडल्यासारखे वाटते, परंतु एका वैमानिकाच्या मनातले चित्र दुसऱ्याला ऐकू येण्याचा तोच मार्ग आहे.

प्रश्न : एअरबस आणि बोइंग यांच्या विचारसरणीत नेमका फरक कोणता? यांतली कोणती पद्धत चांगली?

उत्तर : १९८८ साली सेवेत आलेल्या ए-३२० पासून एअरबसने असे धोरण ठेवले आहे की, यंत्रणा सुस्थितीत असताना वैमानिकाने कितीही जोर लावला तरी विमान ठरावीक मर्यादांपलीकडे जाणार नाही. सामान्य स्थितीत ते ६७ अंशांहून अधिक कलत नाही आणि नाक ओढून त्याला स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल हरपून विमान पडू लागण्याच्या अवस्थेत, नेता येत नाही. बोइंगने ७७७ मध्ये विजेच्या तारांनी चालणारी नियंत्रणे स्वीकारली खरी, पण मर्यादेजवळ नियंत्रण जड होते, अखेरचा शब्द मात्र वैमानिकाच्या हाताचाच राहतो. बोइंगमध्ये दोन्ही वैमानिकांची नियंत्रणे एकमेकांना जोडलेली असतात आणि ऑटोथ्रॉटल काम करताना थ्रॉटल डोळ्यांदेखत पुढेमागे सरकतात. ए-३२० मध्ये दोन साइडस्टिक (आसनाच्या बाजूला असलेल्या नियंत्रणाच्या छोट्या दांड्या) एकमेकींना जोडलेल्या नाहीत, आणि इंजिनांचा जोर आपोआप कमी-जास्त होत असताना लिव्हर एकाच खाचेत स्थिर राहतात.

कोणती पद्धत चांगली, याचे सरसकट उत्तर मी देणार नाही, कारण दोन्ही प्रकारच्या विमानांची सुरक्षिततेची कामगिरी उत्तम आहे. एक गोष्ट मात्र मला निश्चित वाटते. थ्रॉटल हलताना हाताला जाणवणे आणि सहवैमानिकाने नियंत्रण ओढलेले आपल्या हाताला कळणे, ही समज मिळवण्याची साधने आहेत. ती काढून घेतली तर त्यांची जागा पडद्यावरच्या खुणांनी भरून काढावी लागते, आणि त्या खुणा ताणाच्या क्षणी वाचल्या जातीलच असे नाही. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सचे ए-३३० कोसळले आणि २२८ जणांचा अंत झाला. वेगमापक नळ्या बर्फाने काही काळ बंद झाल्या होत्या. ऑटोपायलट सुटला, विमान कमी संरक्षण असलेल्या अवस्थेत गेले आणि उजवीकडच्या वैमानिकाने ओढून धरलेली साइडस्टिक इतरांच्या वेळीच लक्षात आली नाही. त्यात भर म्हणजे वेगाचे मापन ६० नॉटच्या खाली गेले की स्टॉलचा इशारा बंद होत असे, कारण संगणक ती माहिती अविश्वसनीय मानत असे. नाक खाली केले की वेगाचे मापन पुन्हा ग्राह्य ठरे आणि इशारा पुन्हा वाजू लागे. योग्य कृती केली की धोक्याचा आवाज सुरू व्हावा आणि चुकीची केली की थांबावा, याहून अधिक गोंधळात टाकणारी परिस्थिती कल्पिणे कठीण आहे.

प्रश्न : बोइंग ७३७ मॅक्सच्या वैमानिकांना एका यंत्रणेची माहितीच दिली नव्हती, असे वाचले. वैमानिकाला सर्व काही सांगितलेच पाहिजे का?

उत्तर : सर्व काही सांगणे शक्य नाही, पण जे यंत्र वैमानिकाच्या हातातले नियंत्रण हलवते ते सांगितलेच पाहिजे, याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मॅक्सची इंजिने आधीच्या ७३७ पेक्षा मोठी होती आणि ती पंखाच्या अधिक पुढे बसवली होती. त्यामुळे काही परिस्थितींत नाक वर जाण्याचा कल वाढत असे. त्याला आवर घालण्यासाठी ‘एमकॅस’ नावाची यंत्रणा शेपटीचे आडवे पाते फिरवून नाक खाली नेत असे. विमानाला हवेचा कोन मोजणारे दोन संवेदक होते. एमकॅस एका वेळी त्यांतल्या एकावरच विसंबत असे. वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिचे वर्णन नव्हते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे विमान कोसळले आणि १८९ जण मृत्युमुखी पडले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानातले १५७ जण गेले.

या प्रकरणातली समजुतीशी थेट संबंधित असलेली एक बाब फारशी चर्चिली गेली नाही. जुन्या ७३७ वर वैमानिक एक गोष्ट अनेक वर्षांच्या सवयीने जाणत होते : शेपटीचे पाते आपोआप फिरून नाक खाली जाऊ लागले आणि आपण नियंत्रण मागे ओढले, तर फिरणे थांबते. एमकॅसच्या बाबतीत हे थांबणे मुद्दामच काढून टाकलेले होते. म्हणजे वैमानिकाच्या मनातले चित्र अपुरे होते एवढेच नव्हे. ते पूर्वी खरे होते आणि नव्या विमानात, त्याला न सांगता, खोटे ठरवले गेले होते. शिवाय वैमानिक बिघाड ओळखून सुमारे ४ सेकंदांत प्रतिक्रिया देतील असे निर्मात्याने गृहीत धरले होते, तर प्रत्यक्षात त्याच वेळी स्टॉलचा इशारा म्हणून नियंत्रणाचा दांडा थरथरत होता, वेग आणि उंची यांविषयीचे इशारे येत होते आणि कशावर विश्वास ठेवावा तेच कळत नव्हते.

लायन एअरच्या त्याच विमानात आदल्या उड्डाणातही हाच दोष उद्भवला होता. त्या वेळी कॉकपिटमध्ये एक जास्तीचा वैमानिक बसलेला होता. एमकॅसचे नावही ठाऊक नसताना त्या मंडळींनी ‘शेपटीचे पाते आपोआप फिरते आहे’ एवढे ओळखले, त्याचा विद्युतपुरवठा तोडणारे स्विच बंद केले आणि ते पाते हलवणारे चाक हाताने फिरवत विमान मुक्कामी नेले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने मॅक्सला पुन्हा उडण्याची परवानगी दिली, तेव्हा दोन्ही संवेदकांची तुलना, एमकॅसच्या ताकदीवर मर्यादा आणि वैमानिकांना सिम्युलेटरमधले प्रशिक्षण, अशा अटी घातल्या गेल्या.

याच संदर्भात एका नियमाचा उल्लेख करतो, कारण तो सामान्य वाचकांपर्यंत पोहोचत नाही. वैमानिक वापरतात त्या उपकरणांचे वागणे अंदाज करता येण्याजोगे आणि निःसंदिग्ध असले पाहिजे, आणि वैमानिकाला गरजेनुसार हस्तक्षेप करता आला पाहिजे, असे अमेरिकेच्या प्रमाणन नियमांत २०१३ पासून स्वतंत्र कलमाने लिहिलेले आहे. वैमानिकाला यंत्रणा समजणे ही केवळ त्याची नव्हे, तर ती घडवणाऱ्याचीही जबाबदारी आहे, हे त्यातून कायद्यात आले.

प्रश्न : स्वयंचलनामुळे वैमानिक हाताने विमान चालवायला विसरतात, हे खरे आहे का?

उत्तर : हाताचे कौशल्य बरेचसे टिकते आणि थोड्या सरावाने परतही येते, आधी बोथट होते ते उपकरणांवरून नजर फिरवत मनात उंची, वेग आणि अंतर यांचे गणित चालू ठेवण्याचे कसब. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये विमान कंपन्यांना सूचनावजा पत्र काढून योग्य परिस्थितीत हाताने उड्डाण करण्याला उत्तेजन द्यावे असे सुचवले, ते याच काळजीपोटी. जो वैमानिक अधूनमधून हे गणित स्वतः करतो, त्याला ऑटोपायलटचे वागणेही लवकर समजते, कारण आपण स्वतः काय केले असते याच्याशी तो यंत्राची कृती ताडून पाहू शकतो.

प्रश्न : मी लवकरच ए-३२० च्या टाइप रेटिंगला बसणार आहे. मॅन्युअल हजारो पानांचे आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी आपले मनःपूर्वक अभिनंदन. मॅन्युअल क्रमाने वाचत बसू नका. चढण्या-उतरण्याचे जेवढे मोड आहेत, त्यांतला एकेक घ्या आणि प्रत्येकाविषयी चार गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहून काढा : यात वेग कोण सांभाळतो, उताराचा किंवा चढाचा मार्ग कोण सांभाळतो, हा मोड आपोआप कशाने संपतो आणि संपल्यावर त्याची जागा कोणता मोड घेतो. लिहिताना जिथे अडाल तेच पान मॅन्युअलमध्ये उघडा. अशा रीतीने वाचलेले पान ध्यानात राहते.

या चारांतल्या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्या, कारण आपण काहीच न करता होणारे बदल तिथे दडलेले असतात. एक उदाहरण देतो. विमान ठरवलेल्या उंचीजवळ आले की यंत्रणा ती उंची पकडण्याच्या मोडमध्ये आपोआप जाते आणि हळूहळू सपाट होऊ लागते. नेमक्या त्या काही सेकंदांत नियंत्रकाने नवी उंची दिली आणि आपण नॉब फिरवला, तर ए-३२० पकडण्याचा मोड सोडून व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये जाते आणि त्या क्षणी उतरण्याचा किंवा चढण्याचा जो दर असेल तोच धरून ठेवते. आपण नवी उंची वर निवडली आणि विमान खाली येत असेल, तर ते त्या उंचीपासून दूर जात राहील. सिम्युलेटरच्या सत्रात वेळ उरला, तर प्रशिक्षकांना विनंती करून हा प्रसंग मुद्दाम घडवून पाहा. नॉब फिरवण्याआधी पट्टीवर काय उमटेल ते मोठ्याने सांगा, मग फिरवा, पट्टी वाचा, आणि कोणता नॉब ओढला म्हणजे विमान पुन्हा आपल्या मनाप्रमाणे वागेल, ते शेजारच्या सहकाऱ्याला समजावून सांगा.